सूक्ष्म मापन साधने, यांत्रिक

यंत्रांचे सुटे भाग घडविताना आणि जुळविताना त्यांची लांबी, जाडी, व्यास, खोली इ. परिमाणे मिलिमीटरच्या दशांशापेक्षा अधिक बारकाईने मोजण्यासाठी कारखान्यात जी साधने वापरतात, त्यांना यांत्रिक सूक्ष्म मापन साधने म्हणतात. व्हर्नियर कॅलिपर, मायक्रोमीटर, तबकडी दर्शक, स्लिप गेज आणि मर्यादा गेज ही त्यांपैकी नित्याच्या वापरातील प्रमुख साधने होत. या साधनांचा इतिहास हा केवळ अधिकाधिक बारीक अंशनाचा इतिहास नाही. एका ठिकाणी घडविलेला भाग दुसऱ्या ठिकाणी घडविलेल्या भागात कानस न लावता बसावा, आणि मापाविषयी दोन माणसांत वाद झाल्यास तो मिटविता यावा, या दोन गरजांतून ही साधने निर्माण झाली. प्रत्येक साधन कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे आले, हे ध्यानात घेतल्यास कोणत्या कामास कोणते साधन निवडावे, हेही स्पष्ट होते.

मापाविना जुळणी : अठराव्या शतकापर्यंत धातुकामातील अचूकता ही मुख्यतः हाताच्या कसबावर अवलंबून होती. कारागिराजवळ अंशन नसलेले, दोन वाकड्या पायांचे कॅलिपर असे. त्याने एका भागाचे माप उचलून तो दुसऱ्या भागावर ताडून पाही. कॅलिपर भागावरून सरकताना हाताला जो हलका अडथळा जाणवतो, त्यावरून सरावलेला कारागीर मिलिमीटरच्या काही शतांशांइतका फरकही ओळखू शकतो. तथापि या पद्धतीत ‘माप किती?’ हा प्रश्नच उद्‌भवत नसे. भाग जोडीदाराशी जुळला म्हणजे झाले. साहजिकच प्रत्येक दंड त्याच्याच धारव्यात आणि प्रत्येक बोल्ट त्याच्याच नटात बसे. यंत्र उघडताना जोडीजोडीने खुणा करून ठेवाव्या लागत आणि एखादा भाग मोडल्यास नवा भाग जागेवरच घासून बसवावा लागे.

त्या काळातील मोठ्या कामाच्या अचूकतेची कल्पना एका प्रसिद्ध उदाहरणावरून येते. जेम्स वॉट (१७३६–१८१९) यांच्या वाफ एंजिनाला पुरेसा गोल आणि सरळ सिलिंडर प्रथम जॉन विल्किन्सन यांच्या छिद्रण यंत्रामुळे मिळू लागला. ५० इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक कोठे आढळत नाही, असे वॉट यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी १७७६ मध्ये समाधानाने नमूद केले. नाण्याची जाडी हे येथे मापाचे एकक आहे. कारण त्याहून बारीक आणि सर्वमान्य असे दुसरे माप कारखान्यात नव्हते.

व्हर्नियर आणि मळसूत्र : सूक्ष्म मापनाची दोन्ही मूलभूत तत्त्वे कारखान्यात नव्हे, तर ज्योतिषशास्त्रात उदय पावली. पोर्तुगीज गणितज्ञ पेद्रू नूनिश यांनी १५४२ मध्ये कोन मोजण्याच्या उपकरणावर वेगवेगळ्या संख्येने विभागलेली अनेक समकेंद्री वर्तुळे आखून अंशाचे भाग वाचण्याची युक्ती सुचविली. ती व्यवहारात अवघड ठरली. फ्रेंच गणितज्ञ प्येअर व्हेर्न्ये (व्हर्नियर) यांनी १६३१ मध्ये तिच्या जागी मुख्य मोजपट्टीलगत सरकणारी छोटी पट्टी वापरली. मुख्य पट्टीवरील ९ भागांच्या लांबीचे सरकत्या पट्टीवर १० समान भाग केले, तर दोहोंच्या एकेका भागात एक-दशांशाचा फरक पडतो, आणि कोणती रेघ कोणत्या रेघेशी तंतोतंत जुळते एवढे पाहून दशांश वाचता येतो. हल्लीच्या नेहमीच्या कॅलिपरमध्ये ४९ मिमी. लांबीचे ५० भाग केलेले असल्याने त्याचे लघुतम माप ०·०२ मिमी. असते. डोळ्याला रेघांमधील अंतराचा अंदाज करणे कठीण जाते, पण दोन रेघा सरळ रेषेत आहेत की नाहीत हे ती फार सूक्ष्मतेने ओळखते. व्हर्नियरचे सामर्थ्य या गुणाच्या उपयोगात आहे.

दुसरे तत्त्व मळसूत्राचे. इंग्लिश ज्योतिर्विद विल्यम गॅस्कॉइन यांनी १६४० च्या सुमारास दूरदर्शकाच्या नाभिप्रतलात मळसूत्राने हलणारे दोन काटे बसवून खस्थ पदार्थांचे कोनीय आकारमान मोजले. मळसूत्राचा एक पूर्ण फेरा म्हणजे एका आट्याइतके सरळ अंतर. फेऱ्याचे भाग पाडले की तेच अंतर तितक्या पटींनी विभागले जाते. वॉट यांनी १७७० नंतरच्या दशकात याच तत्त्वावर मेजावर ठेवण्याचा एक मायक्रोमीटर तयार केला होता. मात्र अशा उपकरणाची अचूकता त्यातील मळसूत्राच्या अचूकतेएवढीच असते, आणि अचूक मळसूत्र कापण्याचे साधन त्या वेळी उपलब्ध नव्हते.

मॉडस्ले आणि व्हिटवर्थ : ही अडचण हेन्‍री मॉडस्ले (१७७१–१८३१) यांनी दूर केली. १८०० च्या सुमारास त्यांनी सर्व भाग धातूचे असलेला, घसरत्या हत्यारधारकाचा आणि बदलत्या दंतचक्रांचा आटे कापण्याचा लेथ सिद्ध केला [⟶ यांत्रिक हत्यारे]. त्यावर कापलेल्या मळसूत्रांपासून त्यांनी इंचाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत वाचन देणारा मायक्रोमीटर आपल्या कारखान्यासाठी बनविला. कारागिरांच्या हातातील कॅलिपरांविषयी वाद झाला, की अंतिम निवाडा या उपकरणावर होई. म्हणून त्याला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याचे ‘लॉर्ड चॅन्सेलर’ हे नाव पडले. ते उपकरण रोजच्या मोजणीसाठी नव्हते. इतर मापांवर अधिकार चालविणे हे त्याचे काम होते. कारखान्यातील साधनांची उतरंड येथूनच सुरू होते.

मॉडस्ले यांच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–८७) यांनी ही उतरंड पूर्ण केली. अचूक लांबीच्या आधी अचूक सपाटी हवी, हे त्यांनी १८४० मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढील निबंधात मांडले. दोन बिडाचे पट्ट एकमेकांवर घासून सपाट करू गेल्यास एक किंचित फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट राहू शकतो, आणि तरीही ते परस्परांशी जुळतात. तीन पट्ट घेऊन पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी आणि तिसरा पहिल्याशी रंग लावून आणि फिरवून ताडत गेल्यास, व उंचवटे खरवडत गेल्यास, तिन्ही जोड्या जुळण्याचा एकच मार्ग उरतो. तो म्हणजे तिन्ही पट्ट खरोखर सपाट होणे. कोणतेही आधीचे प्रमाण हाती नसताना केवळ परस्पर तुलनेतून प्रमाण निर्माण करण्याची ही रीत आजही वापरात आहे. १८४१ मध्ये त्यांनी ५५° कोनाच्या आट्यांची प्रमाणित मालिका सुचविली. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात त्यांनी इंचाच्या दशलक्षांशाइतका फरक दाखविणारे यंत्र मांडले. दोन रेघांमधील अंतर डोळ्यांनी पाहण्यापेक्षा भागाच्या दोन टोकांमधील अंतर स्पर्शाने ताडणे कारखान्यास अधिक सोयीचे आहे, हा त्यांचा आग्रह पुढील सर्व साधनांना मार्गदर्शक ठरला.

अदलाबदलीचे भाग आणि मर्यादा गेज : सुटे भाग परस्परांत बदलता यावेत ही निकड प्रथम बंदुकांच्या कारखान्यांत जाणवली, रणभूमीवर दुरुस्तीसाठी कारागीर आणि कानस नेता येत नाही. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लां यांनी बंदुकीच्या चापाचे भाग ढिगातून कोणतेही उचलून जुळवून दाखविले. हे अमेरिकेचे तेथील राजदूत टॉमस जेफर्सन यांनी १७८५ मध्ये पाहिले आणि मायदेशी कळविले. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड आणि हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत प्रत्यक्षात आली. तिचा आधार अंशनाचे उपकरण हा नव्हता. प्रत्येक भागासाठी कठीण पोलादाचे आदर्श नमुने, म्हणजे गेज, ठेवलेले असत आणि भाग त्यांवर ताडला जाई.

कालांतराने एकाच नमुन्याऐवजी दोन मर्यादांची कल्पना रुजली. कोणताही भाग तंतोतंत एका मापाचा होऊ शकत नाही. म्हणून कोणत्या दोन मापांच्या दरम्यान तो चालेल, हे आधी ठरवावे, असा हा विचार आहे. उदा., सध्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत २५ मिमी. व्यासाचे एक नेहमीचे छिद्र २५·००० ते २५·०२१ मिमी. आणि त्यात मोकळा फिरणारा दंड २४·९८० ते २४·९९३ मिमी. या मर्यादांत असावा लागतो. मर्यादा गेजचे एक टोक छिद्रात गेले पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये. इंग्लिश अभियंते विल्यम टेलर यांनी १९०५ मध्ये यासंबंधीचा नियम सांगितला : जाणारे टोक भागाचा संपूर्ण आकार तपासणारे असावे, तर न जाणारे टोक एका वेळी एकच परिमाण तपासणारे असावे. लंबगोल झालेले छिद्र पूर्ण गोल टोकाने फसवू शकते, हे त्यामागील कारण होय. असे गेज माप सांगत नाही, पण निर्णय देते. तो देण्यास क्षणभर पुरतो आणि वापरणाऱ्यास आकडे वाचण्याची गरज पडत नाही.

खिशातील मायक्रोमीटर : फ्रान्समधील झां लोरां पामर यांनी १८४८ मध्ये नालाकार चौकट, मळसूत्र आणि त्यावर फिरणारी अंशांकित टोपी अशा सुटसुटीत मायक्रोमीटरचे एकस्व घेतले. त्याचा व्यापक प्रसार मात्र अमेरिकेत झाला. जोसेफ ब्राउन यांनी १८५१ मध्ये इंचाचा हजारावा भाग वाचणारे व्हर्नियर कॅलिपर बनविण्यास प्रारंभ केला होता. १८६७ मध्ये कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे काडतुसांसाठी पुरविलेला पितळी पत्रा जाडी चुकल्याच्या कारणावरून परत आला. चौकशीअंती पत्रा पुरवठादाराच्या गेजप्रमाणे बरोबर आढळला. परंतु ग्राहकाचे गेज आणि आणखी एक गेज या सर्वांची मापे निरनिराळी निघाली, आणि ती सारी एकाच राष्ट्रीय प्रमाणाची म्हणून विकलेली होती. क्रमांकित खाचांच्या गेजवर विसंबण्याऐवजी जाडी प्रत्यक्ष आकड्यांत वाचणारे स्वस्त साधन हवे, ही गरज या प्रकरणाने स्पष्ट झाली. त्याच वर्षी ब्राउन आणि त्यांचे भागीदार ल्यूसियन शार्प यांनी पॅरिसच्या प्रदर्शनात पामर यांचे साधन पाहिले, आणि १८६८ पासून त्यांच्या प्रॉव्हिडन्स येथील कारखान्यातून पत्र्याची जाडी मोजणारे खिशात मावणारे मायक्रोमीटर बाहेर पडू लागले. पुढे लरॉय स्टॅरेट यांनी १८८० मध्ये मॅसॅचूसेट्समधील अथॉल येथे स्थापिलेल्या आणि अशा इतर कारखान्यांनी ही साधने सामान्य कारागिराच्या आवाक्यात आणली.

मेट्रिक मायक्रोमीटरमध्ये आट्यांचे अंतर ०·५ मिमी. असते आणि टोपीवर ५० भाग असतात. त्यामुळे एक भाग म्हणजे ०·०१ मिमी. होतो. इंची साधनात दर इंचास ४० आटे आणि टोपीवर २५ भाग असल्याने हजारावा भाग मिळतो. मायक्रोमीटर व्हर्नियर कॅलिपरहून श्रेष्ठ ठरण्याचे कारण केवळ अंशनात नाही. मोजावयाची लांबी आणि मोजणारी पट्टी एकाच रेषेत असावी, हे तत्त्व जर्मन भौतिकीविज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये मांडले. मायक्रोमीटरमध्ये मळसूत्राचा अक्ष भागातूनच जातो. कॅलिपरमध्ये पट्टी एका बाजूस आणि भाग जबड्यांत राहतो. जबडा किंचित कलला तरी चूक होते, आणि भाग जबड्याच्या टोकाकडे जितका धरावा तितकी ती वाढते.

योहान्सन यांचे ठोकळे : मायक्रोमीटर सर्वत्र पोहोचला तरी तो स्वतः बरोबर आहे की नाही, हे ठरविण्याचे साधन प्रत्येक कारखान्यात नव्हते. स्वीडनमधील एस्किल्सटूना येथील बंदूक कारखान्यातील शस्त्रकारागीर कार्ल एड्वर्ड योहान्सन (१८६४–१९४३) यांनी तो प्रश्न सोडविला. १८९४ मध्ये जर्मनीतील ओबेर्नडोर्फ येथील माउझर कारखान्यात प्रत्येक मापासाठी स्वतंत्र ठोकळा ठेवण्याची रीत त्यांनी पाहिली. त्या रीतीने एका बंदुकीसाठीही असंख्य ठोकळे लागतात. थोड्या ठोकळ्यांच्या बेरजेतून सर्व मापे मिळविता येतील, असा विचार करून त्यांनी १८९६ च्या सुमारास १०२ ठोकळ्यांचा संच योजला : १·०१ पासून १·४९ मिमी.पर्यंत शतांशाच्या टप्प्याने ४९, ०·५ पासून २४·५ मिमी.पर्यंत अर्ध्या मिमी.च्या टप्प्याने ४९, आणि २५, ५०, ७५ व १०० मिमी.चे चार. ३७·४६ मिमी. हवे असल्यास १·४६, ११ आणि २५ मिमी.चे ठोकळे जोडावयाचे. एका संचातून सु. २०,००० मापे मिळत. पृष्ठे इतकी सपाट होती, की दोन ठोकळे एकमेकांवर दाबून सरकविल्यास ते घट्ट चिकटत आणि सांध्याची जाडी नगण्य राही. पहिल्या ठोकळ्यांचे अखेरचे घासकाम योहान्सन यांनी घरी शिलाई यंत्रात फेरफार करून केले. स्वीडिश एकस्व त्यांना १९०१ मध्ये मिळाले. १९२३ मध्ये ते अमेरिकेत फोर्ड कंपनीत गेले आणि त्यांचे ठोकळे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचा पाया ठरले.

या साधनांनी काय साधले, हे १९०८ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलंड्स येथे दिसले. रॉयल ऑटोमोबिल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक मोटारगाड्या पूर्ण सुट्या केल्या, त्यांचे भाग मिसळले, काही भाग विक्रेत्याच्या साठ्यातून बदलले, आणि साध्या हत्यारांनी पुन्हा तीन गाड्या जुळविल्या. त्या प्रत्येकी ५०० मैल धावल्या. कारखान्याचे प्रमुख हेन्‍री लीलंड हे पूर्वी ब्राउन–शार्प यांच्याकडे काम केलेले होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

योहान्सन यांनी इंची ठोकळे बनविताना १ इंच = २५·४ मिमी. आणि प्रमाण तापमान २०° से. धरले. इंचाचे हे मूल्य ब्रिटनमध्ये १९३० आणि अमेरिकेत १९३३ मध्ये उद्योगासाठी, आणि १९५९ मध्ये इंग्रजी भाषिक राष्ट्रांच्या करारान्वये सर्वत्र स्वीकारले गेले; २०° से. हे तापमान १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. अशा रीतीने एका कारागिराच्या पेटीतील मूल्ये पुढे जगाची प्रमाणे बनली.

नंतरची साधने : सूक्ष्म हालचाल दंतचक्रांनी वाढवून काट्याने दाखविणारा तबकडी दर्शक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आला. घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या वॉल्थम येथील जॉन लोगन यांनी त्यासाठी १८८३ मध्ये एकस्वाचा अर्ज केला होता. तो मुख्यतः तुलनेचे साधन आहे : ठोकळ्यावर काटा शून्यावर आणावयाचा आणि भाग त्याहून किती कमी-जास्त आहे, ते पाहावयाचे. १९५० नंतर तीन दिशांत मोजणारी निर्देशक मापन यंत्रे आणि १९८० नंतर आकडे दाखविणारी इलेक्ट्रॉनीय कॅलिपर रूढ झाली. मीटरची व्याख्याही पट्टीवरून १९६० मध्ये क्रिप्टॉनच्या प्रकाशाकडे आणि १९८३ मध्ये प्रकाशाच्या वेगाकडे गेली. ठोकळे आता प्रकाशतरंगांच्या साहाय्याने पडताळतात.

साधनाची निवड : वरील इतिहासावरून निवडीचे काही नियम निष्पन्न होतात. पहिला प्रश्न साधन किती बारीक वाचते हा नसून कामास किती फरक चालतो, हा आहे. साधनाची चूक त्या चालणाऱ्या फरकाच्या एक-दशांशापेक्षा अधिक नसावी. ते शक्य नसेल तर निदान एक-चतुर्थांशाच्या आत असावी, असा संकेत आहे. वर दिलेल्या दंडास ०·०१३ मिमी. फरक चालतो. इलेक्ट्रॉनीय कॅलिपर ०·०१ मिमी.पर्यंत आकडा दाखवितो, पण त्याची अनुज्ञेय चूक सामान्यतः ०·०२ ते ०·०३ मिमी. असते, म्हणजे चालणाऱ्या संपूर्ण फरकाहून अधिक. त्यावर विसंबल्यास चांगला दंड भंगारात जाईल किंवा वाईट दंड यंत्रात बसेल. २५ मिमी.पर्यंतच्या चांगल्या मायक्रोमीटरची चूक ०·००४ मिमी.च्या आसपास असते. तोही त्याच मापाच्या ठोकळ्यावर प्रथम ताडून घेतल्यास हे काम विश्वासाने होते. एकाच प्रकारचे शेकडो भाग असल्यास मर्यादा गेज अधिक योग्य. एंजिनाच्या सिलिंडरासारख्या खोल छिद्रासाठी मायक्रोमीटरवर किंवा वलय गेजवर शून्य केलेला छिद्र गेज हवा, कारण कॅलिपरचे आतले जबडे केवळ तोंडाजवळ पोहोचतात आणि झिजेची कड खालचे खरे माप लपविते. उलटपक्षी मिमी.च्या दशांशाचा फरक चालणाऱ्या कामास मायक्रोमीटर वापरणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय. तेथे कॅलिपरच उत्तम, कारण तो बाहेरचे, आतले आणि खोलीचे अशी तिन्ही मापे घेतो.

दुसरा नियम तापमानाचा. पोलादाचा १०० मिमी. लांबीचा भाग दर अंशास सु. ०·००१२ मिमी. वाढतो, ॲल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. भाग आणि साधन दोन्ही पोलादी व एकाच तापमानाची असतील, तर चूक परस्पर नाहीशी होते. परंतु ४०° से. तापमानाच्या कारखान्यात ॲल्युमिनियमचा १०० मिमी. भाग पोलादी साधनाने मोजल्यास तो २०° से.च्या मापापेक्षा सु. ०·०२३ मिमी. अधिक वाचला जाईल. लेथवरून नुकताच काढलेला गरम भाग मोजणे हे त्याहून वाईट. तिसरा नियम दाबाचा : मायक्रोमीटर म्हणजे शिकंजा नव्हे. मळसूत्र जोराने आवळल्यास चौकट ताणली जाते. म्हणून घसरत्या टोपीनेच स्पर्श साधावा. अखेरीस, जे साधन ठरावीक काळाने पडताळता येत नाही, ते कितीही किंमती असले तरी सूक्ष्म मापनास निरुपयोगी समजावे.

भारतातील स्थिती : भारतातील कारखान्यांत दीर्घकाळ इंच आणि त्याचा आठवा भाग म्हणजे ‘सूत’ ही मापे रूढ होती, महाराष्ट्रातील मिस्त्री, लोहार आणि सुतार यांच्या बोलण्यात सूत आजही ऐकू येते. १९५६ च्या वजने व मापे प्रमाणन अधिनियमाने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली आणि ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. लांबीचे राष्ट्रीय प्रमाण नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते. ती १९५० मध्ये सुरू झाली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने, जिचे कार्य १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरोकडे आहे, बाह्य मायक्रोमीटर (भामा २९६७), व्हर्नियर कॅलिपर (भामा ३६५१) आणि स्लिप गेज (भामा २९८४) यांची मानके प्रसिद्ध केली. कारागिराच्या हातातील मायक्रोमीटर कारखान्यातील ठोकळ्यावर, ते ठोकळे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील ठोकळ्यांवर आणि तेथील ठोकळे राष्ट्रीय प्रमाणावर ताडलेले असणे, ही मापनाची साखळी होय. तिचा एक दुवा तुटला, तर साधनावरील आकडा कितीही बारीक असला तरी तो त्या एका कारागिरापुरताच खरा राहतो.